११० डॉलरचा पिवळा खोका

२०२१ च्या ऑक्टोबरात माझ्या मावसभावाने हरणाच्या शिकारीसाठी जुन्या काडतुसांचे दोन खोके विकत घेतले. एक ११० डॉलरला, दुसरा ९५ ला, प्रत्येकात २० नग. त्या ४० काडतुसांतलं एकही शेवटी जंगलापर्यंत पोचलं नाही. तेव्हाच्या तपासणीची माझी वही अजून जवळ आहे, तिच्यावरून हे सविस्तर लिहितो आहे. कारण त्यानंतर ओळखीतल्या दोघा-तिघांनी, सासरकडून किंवा शेजाऱ्याकडून आलेली जुनी रायफल हातात धरून, मला हाच प्रश्न विचारला: जुनी काडतुसं मिळताहेत, महाग आहेत, घेऊ का?

२०५ डॉलर बुडाले, ते भरून निघतात. मला भीती वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. एक काडतूस साडेपाच डॉलरला पडलं की माणूस ते चांदमारीवर उडवायला धजत नाही. मग रायफलचा नेम न तपासताच तो हरणासमोर जाऊन बसतो.

रायफल कुठून आली

भाऊ मूळचा सांगलीचा, पिट्सबर्गमध्ये सोळा वर्षं. बायको तिथलीच. तिच्या वडिलांचं आयुष्य पोलादाच्या कारखान्यात गेलं आणि दर हिवाळ्यातले दोन आठवडे पॉटर काउंटीतल्या कॅम्पवर. पेनसिल्व्हेनियात कॅम्प म्हणजे तंबू नव्हे. डोंगरातलं लाकडी घर, लाकडं जाळायची शेगडी, भिंतीवर आजोबा-पणजोबांच्या काळची शिंगं. नोव्हेंबर अखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर रायफलचा हंगाम उघडतो, तेव्हा गावच्या जत्रेला चाकरमानी पोचावेत तशी माणसं तिथे पोचतात. कित्येक दशकं हा दिवस थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार असे, आणि अनेक गावांत शाळांना त्या दिवशी सुट्टी. २०१९ पासून हंगाम शनिवारी उघडू लागला. जुनी मंडळी त्यावर अजून नाराज आहेत.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे ऐकताना अवघडल्यासारखं होतं, ते मी समजू शकतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ-सांबराची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पेनसिल्व्हेनियाची गोष्ट वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण जवळजवळ संपलं होतं. १८९५ मध्ये गेम कमिशन हे शिकार आणि वन्यजीव सांभाळणारं राज्याचं खातं स्थापन झालं, पुढे बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली गेली, शिकारीवर बंधनं आली. आता दरवर्षी ४ लाखांच्या आसपास हरणं परवान्यावर मारली जातात, तरी कित्येक भागांत जंगलातली कोवळी रोपं हरणं टिकू देत नाहीत. नव्या शिकाऱ्याला आधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, डोक्यावर, छातीवर आणि पाठीवर मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड दिसावं लागतं, आणि मारलेल्या हरणाचं मांस विकता येत नाही. ते घरी खायचं किंवा दान करायचं.

इथेच एक सांगून ठेवतो. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. मित्राने कौतुकाने हातात ठेवलेलं एक काडतूस खिशात घालण्याआधी हे माहीत असावं. माझ्या भावाला नागरिकत्व मिळालेलं होतं, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

सासऱ्यांचे गुडघे गेले आणि त्या सप्टेंबरात त्यांनी आपली सॅव्हेज ९९ जावयाच्या हातात दिली. लीव्हर ओढून भरायची रायफल. पोटात फिरतं मॅगझिन, आणि डाव्या अंगाला एक बारीकशी खिडकी, तिच्यात आत किती काडतुसं उरली त्याचा आकडा दिसतो. दस्त्यावर सासऱ्यांच्या गालाने घासून घासून आलेली चकाकी. भावाने मला रात्री अकराला फोन केला होता, ‘दादा, बघायला ये.’

नळीवर कोरलेलं होतं .३०० सॅव्हेज. हे काडतूस १९२० चं. त्या काळच्या लष्करी .३०-०६ च्या जवळपास जाणारा जोर आखूड काडतुसात बसवायचा, हा त्यामागचा विचार. तो चांगलाच साधला होता, आणि दोन पिढ्यांनी त्यावर हरणं मारली. मग १९५२ मध्ये .३०८ विंचेस्टर आलं आणि .३०० सॅव्हेज हळूहळू मागच्या फळीवर गेलं.

टंचाई

भावाने पाच दुकानं पालथी घातली. कुठेच नव्हतं. २०२० मध्ये करोनाबरोबर बंदुकांची खरेदी एकदम वाढली. त्या वर्षी एफबीआयकडे पार्श्वभूमी तपासणीचे सुमारे ३ कोटी ९७ लाख अर्ज आले, आदल्या वर्षी ते २ कोटी ८४ लाखांच्या घरात होते. प्रत्येक अर्ज म्हणजे एक विक्री असं नसतं, पण कल कळतो. त्याच जुलैत रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली आणि आर्कान्सातल्या लोनोकचा तिचा मोठा काडतूस कारखाना लिलावातून व्हिस्टा आउटडोअरकडे गेला. अशा वेळी कारखानदार काय करणार? नऊ मिलिमीटर आणि .२२३ या जास्त खपाच्या काडतुसांची यंत्रं रात्रंदिवस चालवणार. .३०० सॅव्हेजसारख्या काडतुसाची एखादी छोटी फेरी निघते, तीही साचे बदलून, आणि टंचाईत तीच पहिली मागे ढकलली जाते.

‘.३०८ चालेल का रे दादा? गोळीची जाडी तर तीच आहे,’ असं त्याने विचारलं होतं. गोळीची जाडी खरंच तीच, ०.३०८ इंच. पण पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, १.८७१ इंचांऐवजी २.०१५ इंच लांब, आणि दाब ४७ हजारांऐवजी ६२ हजार पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड).  मी फोनवर ओरडलोच होतो. विचारलं हे मात्र त्याने चांगलं केलं. न विचारता ठोकून बसवणारे असतात.

मग एका रविवारी तो बंदुकांच्या प्रदर्शनाला एकटाच गेला. टेबलावर एका माणसाने जुने खोके मांडले होते. पिवळा खोका एका नामवंत अमेरिकन कंपनीचा, साठेक वर्षांपूर्वीचा, रंग अजून ताजे, कडेला कुठल्याशा हार्डवेअर दुकानाचं फिकटलेलं स्टिकर: चार डॉलर आणि काही सेंट. दुसरा खोका हिरवा, दुसऱ्या कंपनीचा, कोपरे झिजलेले. विकणारा म्हणाला, ‘फॅक्टरीची आहेत, आता असली बनत नाहीत.’ हंगामाला सहा आठवडे उरलेले, सासरे कॅम्पवर वाट बघणार. भावाने पैसे मोजले.

किंमत कशाची

माझं मत तेव्हाही हेच होतं: ते ११० डॉलर काडतुसांचे नव्हतेच. पुठ्ठ्याचे होते. जुने काडतुसांचे खोके गोळा करणारा एक मोठा वर्ग अमेरिकेत आहे. त्यांना चित्र हवं, रंग हवा, न फाटलेली झाकणं हवीत. आतलं काडतूस उडतं की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांची किंमत आणि शिकाऱ्याची किंमत या दोन वेगळ्या किमती आहेत. सुगीच्या काळात त्या वेगळ्याच राहतात. टंचाईत शिकारी घाबरून संग्राहकाच्या टेबलापाशी जातो आणि त्याच्या दराने माल घेतो.

जुनं म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. थंड, कोरड्या कपाटात राहिलेली पन्नासच्या दशकातली काडतुसं मी स्वतः उडवली आहेत आणि ती निर्दोष चालली. फॅक्टरीचं काडतूस अनेक दशकं टिकतं. पण ते कुठे राहिलं हे टेबलावरच्या माणसाला सांगता येत नाही, आणि खोक्यावर तर लिहिलेलं नसतंच. उन्हाळ्यात तापणारी माळ्यावरची पेटी आणि तळघरातलं कपाट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काडतुसातली दारू नायट्रोसेल्युलोजची असते. ती हळूहळू विघटित होते, आम्लवायू सोडते, ते शोषून घ्यायला कारखान्यात स्थिरक मिसळलेलं असतं. उष्णतेने ते लवकर संपतं. मग दारूला आंबूस, नाक झोंबणारा वास येतो, आणि पितळ आतून हिरवं पडतं. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तसाच हा प्रकार, फक्त उलट्या बाजूने.

टेबलावरची तपासणी

दोन्ही खोके मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढऱ्या कापडावर मांडले. वहिनीने वाचायचं भिंग आणून दिलं.

हिरवा खोका पाच मिनिटांत निकालात निघाला. खोक्यावर नाव एका कंपनीचं, आणि पुंगळ्यांच्या बुडावर ठसे तिच्या प्रतिस्पर्ध्याचे. वीसपैकी तेरा पुंगळ्यांवर. उरलेल्या सातांच्या मानेवर पुन्हा साच्यातून काढल्याच्या खुणा, प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टिकली) कुणाचा तांबूस, कुणाचा रुपेरी. म्हणजे कुणीतरी आपल्या घरी भरलेली काडतुसं फॅक्टरीच्या जुन्या खोक्यात ठेवली होती. ठेवणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असं नाही, रिकामा खोका दिसला की माणूस वापरतोच. पण घरी भरलेलं काडतूस, ज्याने भरलं त्याच्याशिवाय कुणी उडवू नये. आत कुठली दारू, किती ग्रेन वजनाची, काहीच माहीत नसतं. माझ्या क्लबातल्या एका अनुभवी माणसाने त्यातल्या पाचांच्या गोळ्या काढून दिल्या. दोन वेगवेगळ्या तऱ्हेची दारू निघाली, आणि सर्वांत कमी-जास्त वजनांत तीन ग्रेनांचा फरक. भाऊ ते बघून गप्प बसला. हीच काडतुसं त्याने चेहऱ्यापासून चार इंचांवर पेटवली असती.

पिवळा खोका अस्सल होता. ठसे एकसारखे, प्रायमर एकसारखे. पण भिंगाखाली तीन पुंगळ्यांच्या मानेवर केसासारखी उभी चीर दिसली.

या चिरेचा इतिहास आपल्या भूमीतला आहे आणि मला तो फार भावतो. ब्रिटिश फौजा हिंदुस्थानात पावसाळ्यात मोहिमा थांबवत आणि दारूगोळा कोरड्या दिवसांपर्यंत घोड्यांच्या पागांत ठेवत. पावसाळा सरल्यावर पितळी काडतुसं काढली की कित्येकांना चिरा पडलेल्या असत. या दोषाला इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात, आणि त्यातला सीझन म्हणजे आपला पावसाळा. कारण उमगलं ते १९२१ मध्ये: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात दबून राहिलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ आपोआप चिरतं. त्यावर उपाय म्हणजे पुंगळी घडवल्यावर तापवून तो ताण काढून टाकणं. तसं तापवलेलं पितळसुद्धा दशकानुदशकं गोळी घट्ट आवळून धरतं, आणि त्यात कुणी अमोनियाच्या फरशीपुसणीशेजारी खोका ठेवला असेल, किंवा अमोनिया असलेल्या पॉलिशने काडतुसं चकचकीत केली असतील, तर पावसाळ्याचीही गरज नाही.

मैदानावर

सतरा काडतुसं वरून ठीक दिसत होती. इथे आमचं भांडण झालं.

भावाचं म्हणणं होतं, ‘दोन उडवून बघू. बरोबर लागली तर पंधरा ठेवून देऊ. वर्षाला दोन लागतात, सात वर्षं पुरतील.’ माझं म्हणणं होतं की दोन गोळ्यांनी काहीच सिद्ध होत नाही. प्रामाणिकपणे तपासायचं तर आठ-दहा उडवावी लागतात. मग उरलेल्या सात-नऊ काडतुसांची किंमत प्रत्येकी १२ ते १६ डॉलर होते, आणि ती तशी मान्य असेल तरच खोका विकत घ्यावा. त्याला ते पटत नव्हतं. आईने डबा भरून दिलेली करंजी मोडू नये, तसा तो त्या काडतुसांकडे बघत होता. वहिनीच शेवटी म्हणाली की बाबांनी कधी न तपासता बंदूक कॅम्पवर नेलेली नाही. तेव्हा तो उठला.

१०० यार्डांवर कागद लावला. आधी २५ यार्डांवर बघायला हवं होतं, पण दुर्बीण सासऱ्यांनीच बसवलेली होती म्हणून आम्ही तो टप्पा गाळला. ती माझी चूक.

पहिल्याच काडतुसाला चाप ओढला आणि नुसतं ‘टक’. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नळी लक्ष्याकडेच ठेवायला लावली आणि मोठ्याने तीसपर्यंत मोजलं. प्रायमर उशिरा पेटू शकतो, आणि त्या क्षणी लीव्हर उघडलेली असेल तर पुंगळी चेहऱ्यावर फुटते. मोजून झाल्यावर काढलं. प्रायमरवर खड्डा नीट पडला होता, म्हणजे दोष रायफलचा नव्हता.

पुढची पाच उडाली. वेग मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे. वहीत आकडे आहेत, फूट प्रतिसेकंदात: २,५८०, २,३४०, २,६१०, २,४५५, २,२९०. एकाच खोक्यात ३२० फुटांची तफावत. तिसऱ्या वेळी खटका पडला आणि बार उडाला यांच्यामध्ये कानाला कळेल इतकी फट पडली, आणि ती गोळी सर्वांत लांब गेली, कारण भावाचा हात तेवढ्यात हलला होता. पाच भोकांचा पसारा साडेसात इंच. उडालेल्या दोन पुंगळ्यांच्या माना फाटलेल्या. सातवं काडतूस पुन्हा ‘टक’. तिथेच थांबलो.

हरणाच्या छातीत हृदय-फुप्फुसांचा जो भाग असतो तो आठेक इंचांचा. टेबलावर वाळूच्या पिशवीत रायफल टेकवून साडेसात इंच पसारा येत असेल, तर थंडीत, धडधडत्या छातीने, झाडाला टेकून काय येणार? गोळी पोटात लागेल. पोटात गोळी लागलेलं हरीण लगेच मरत नाही. ते तासन्तास चालतं, दाट झुडपात जाऊन बसतं आणि तिथे एकटं तडफडतं. मी एकदा अशा हरणाच्या मागे रात्रभर कंदील घेऊन फिरलो आहे, माझ्या गोळीने नव्हे, पण फिरलो आहे. त्या रात्रीपासून काडतुसाच्या किमतीवर कुणी काटकसर सांगू लागला की माझा आवाज चढतो. समोरच्या जिवाचा प्राण आपण घेणारच असू, तर तो एका क्षणात घेता यावा एवढं देणं आपण लागतो.

मार्ग कसा निघाला

सासऱ्यांना आम्ही सगळं सांगितलं. भावाला वाटत होतं ते हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, शहरातल्या मोठ्या दुकानांत कशाला शोधता, जिथे अशा रायफली अजून वापरात आहेत तिथे विचारा. त्यांनी त्यांच्या वहीतून उत्तरेकडच्या छोट्या गावांतल्या दुकानांचे नंबर काढले. हार्डवेअर, चारा-खाद्य, मासेमारीचं आमिष विकणारी दुकानं. भावाने जेवणाच्या सुट्टीत एकेकाला फोन लावले. अकराव्या दुकानात हॉर्नाडी कंपनीचे, १५० ग्रेनांच्या गोळीचे दोन खोके होते, प्रत्येकी ४६ डॉलर. दुकानदाराने एकच दिला, दुसरा गावच्या माणसासाठी राखून ठेवला. हे मला योग्यच वाटलं.

त्या खोक्यातली अकरा काडतुसं त्याने चांदमारीवर घालवली. तीन २५ यार्डांवर, तीन ५० वर, पाच १०० वर. यंत्रावर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगात चाळीस फुटांचा फरक. पसारा दोन इंचांच्या आत, नेमाच्या बिंदूपासून दीड इंच वर बसवलेला. या अकरांपैकी एकाबद्दलही तो हळहळला नाही, हे मी मुद्दाम बघत होतो.

पिवळ्या खोक्यातली न उडालेली आणि हिरव्यातली सगळी काडतुसं क्लबातल्या त्याच माणसाकडे निकालात काढायला दिली. रिकामा पिवळा खोका मात्र मी भावाला टाकू दिला नाही. ‘खोका रिकामा, आत काही नाही’ असं स्पष्ट सांगून एका संग्राहकाला दाखवला. त्याने पुठ्ठा उजेडाकडे धरून चारही बाजूंनी बघितला, झाकणाची जीभ शाबूत आहे का ते तपासलं, आणि ३० डॉलर दिले.

हंगाम २७ नोव्हेंबरला उघडला. पहिल्या दोन दिवसांत भावाला काही दिसलं नाही, नंतर कामावर जावं लागलं. शेवटच्या दिवशी, ११ डिसेंबरला, दुपारी साडेतीनच्या सुमारास ओढ्याच्या पलीकडे सत्तर यार्डांवर एक मादी आली. तिचा परवाना त्याच्याकडे होता. एकच गोळी. ती पंचवीसेक पावलं गेली आणि पडली. सासरे खिडकीत बसलेले, बार ऐकून काठी घेऊन दारात आले आणि दुसऱ्या बाराची वाट बघत उभे राहिले. तो झाला नाही, तेव्हा आत जाऊन त्यांनी चहाचं पाणी ठेवलं.

आठ काडतुसं उरली होती. भावाने खोक्यावर लॉट क्रमांकाशेजारी मार्करने तारीख, अंतर आणि ‘दीड इंच वर’ असं लिहिलं. पुढच्या जूनमध्ये त्याच दुकानात फोन करून त्याने दोन खोके सांगून ठेवले. या वेळी दोन्ही मिळाले.